कमी औषधाची झोप

१

मालनबाईंनी शेडचं दार सरकवलं आणि रोजच्यासारखी हाक दिली, "उठा रं बाबांनो, उजाडलं."

पिंजऱ्यांतून नेहमीची धडपड सुरू झाली. कुणी जाळीवर पंजे मारले, कुणी पाण्याचं भांडं उलथं केलं. भिंतीकडचे चार पिंजरे मात्र गप्प होते. त्यांत पळसदरीहून आणलेली पिल्लं होती, एकाच आईची, अडीच महिन्यांची. रविवारी ती मुंबईच्या घरांमध्ये दत्तक जायची होती, म्हणून काल, गुरुवारी, त्यांची नसबंदी झाली होती. संध्याकाळी मालनबाई घरी गेल्या तेव्हा ती जशी निजली होती तशीच आताही होती. अंगाखालचं फडकंसुद्धा चुरगळलेलं नव्हतं.

त्यांनी पहिल्या पिंजऱ्यात हात घातला आणि झटकन मागे घेतला. पिल्लू थंडगार होतं. दुसरं, तिसरंही तसंच. चौथं उबदार लागलं. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते, पण समोर बोट फिरवलं तरी बुबुळ हलेना. बऱ्याच वेळानं त्याची छाती एकदा वर आली आणि खाली गेली.

"साहेब!" मालनबाई ओरडत बाहेर धावल्या.

चौक गावाजवळ, जुन्या हायवेला लागून, ढाब्यांच्या मागच्या अंगाला हे भटक्या कुत्र्यांचं केंद्र होतं. डॉक्टर स्वराज तिथले एकटेच पशुवैद्य. वय तिशीचं, हात हलका म्हणून नावाजलेले. त्यांनी तिन्ही पिल्लं उलटीपालटी करून पाहिली. मग केंद्राची सगळी व्यवस्था बघणाऱ्या समीक्षाकडे वळून म्हणाले, "गुंगीचं औषध जास्त झालंय. सिरिंज भरायचं काम मालनबाईंचं. दुप्पट भरलं गेलं असणार."

मालनबाई दारातच उभ्या होत्या. "त्या चौघांचं मी भरलंच नाय. साहेबांनी सोता भरलं. अन् मी भरते त्याच्यापेक्षा कमीच भरलं."

"कमी औषधानं कधी कुणी मरतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

दुपारपर्यंत मेलेल्या पिल्लांचे फोटो गावभर फिरले. 'विष घातलं' हे पहिल्यांदा कोण बोललं ते कुणालाच सांगता येईना, पण संध्याकाळी मालनबाई घरी निघाल्या तेव्हा नाक्यावर बसलेल्या बायांनी माना फिरवल्या.

२

दर्शना ओव्हाळ यांची सगळी नोकरी पशुवैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवण्यात गेली होती. निवृत्तीनंतर त्या मोहोपाड्याला भावाच्या घरी राहायला आल्या होत्या. समीक्षाचा फोन आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मेलेली पिल्लं पुरलीत का?"

"एक फ्रीजरमध्ये ठेवलंय. बाकीची पुरली."

"ते तसंच राहू दे. मी येते."

शनिवारी सकाळी त्या केंद्राच्या फाटकाशी उतरल्या. वैशाखाचं ऊन आतापासूनच पत्र्यांवर चढलं होतं. फाटकापाशी खांद्यावर टॉवेल टाकलेला एक वाळका माणूस उभा होता. तो रिक्षासमोर आला. आधी रिक्षावाल्याला, मग त्यांना त्यानं त्याच आवाजात विचारलं, "आमची जना दिसली का कुठं? हिरवं लुगडं हाय. डोक्यावं करवंदांची पाटी."

"नाही दिसली," दर्शनाबाई म्हणाल्या. "कधीपासून शोधताय?"

"मंगळवारपासनं." आणि तो मागून येणाऱ्या ट्रककडे वळला.

"वरच्या वाडीतला लडकू," समीक्षानं आत जाता जाता सांगितलं. "त्याची बायको मंगळवारी करवंदं विकायला निघाली, ती परतलीच नाही. लोक म्हणतात भांडून माहेरी गेली असेल. हा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीला विचारतो." ती थोडं थांबली. "त्यातच टेंपोवाल्यांनी वेगळंच उठवलंय. कर्जत रस्त्यावर वाडीचं वळण आहे ना, तिथे भर दुपारी बाईचा आवाज येतो म्हणे. परवापर्यंत येत होता. आता येत नाही."

"आणि कुणी थांबून बघितलं नाही?"

"भुताच्या आवाजाला कोण थांबतंय, मॅडम?"

दर्शनाबाईंनी मागे वळून पाहिलं. लडकू रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि ट्रक त्याला वळसा घालून निघून गेला होता.

३

डॉक्टर स्वराज त्यांना आदरानं भेटले. खुर्ची पुसून दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. डोळे मात्र तांबारलेले होते आणि दाढी वाढली होती.

"ऑपरेशनआधी पिल्लं तपासली होतीत?" दर्शनाबाईंनी विचारलं.

"हो. छाती, नाडी, ताप. सगळं ठीक होतं."

"आणि औषध?"

"बाईंनी भरलं, मी दिलं. सिरिंज नीट पाहिली नाही, ही माझी चूक. पण मॅडम, मला कुणाचं वाईट करायचं नाही. फक्त तक्रार नोंदली गेली पाहिजे. उद्या लोक केंद्रावर चालून येतील."

त्यांच्या बोलण्यात घाई होती. ही घाई केंद्रासाठी की आणखी कशासाठी, ते दर्शनाबाईंच्या लक्षात येईना.

मालनबाई शेडमागे सावलीत बसल्या होत्या. कामावर यायचं नाही असं सांगितलेलं असूनही त्या चौथ्या पिल्लाला पाणी पाजायला आल्या होत्या. कापसाच्या बोळ्यानं त्या पिल्लाची जीभ ओली करत होत्या.

"गिळतंय का?"

"थोडं थोडं. पण डोळा नाय उघडत नीट. लई लांब गेलंय हे, ताई."

"मालनबाई, गुरुवारचं सगळं सांगा. काही सोडू नका."

"सकाळची सगळी औषधं मीच भरली. रोजचं काम हाय माझं. ह्या चौघांची पाळी आली तवा साहेब म्हनले, 'द्या, मी भरतो.' मला नवल वाटलं. सिरिंज वर धरून बघितली त्यांनी, अन् म्हनले, 'ह्यांना थोडंच पुरे.' मी सांगितलं तर सगळी म्हनतात, सोताला वाचवायला खोटं बोलते."

"थोड्या औषधात ती झोपली?"

"झोपली ना! इंजेक्शन मारल्या मारल्या मान टाकली."

तेवढ्यात कुणीतरी दर्शनाबाईंच्या साडीचा काठ ओढला. खाली पाहिलं तर पांढऱ्या पंजांचं एक पिल्लू दात रोवून झोंबत होतं. पोटावर टाके होते, तरी शेपूट थांबत नव्हती.

"हे कुठलं?"

"ह्यांचंच भावंड. पाचवं. मंगळवारी टेंपोत बाकीची आली, हे मागं राहिलं. पळसदरीची पारू ह्याला बुधवारी पोटाशी धरून घेऊन आली."

"याचंही ऑपरेशन गुरुवारीच?"

"सगळ्यांच्या आधी. त्याच बाटलीतलं औषध. ह्याचं मी भरलं, पुरतं. संध्याकाळी उठून दूध पिलं."

दर्शनाबाईंनी पिल्लाला उचलून मांडीवर घेतलं. आई एक, बाटली एक, टेबल एक आणि दिवसही एकच. तरी ज्याला पुरतं औषध मिळालं ते साडी ओढत होतं. ज्यांना कमी मिळालं त्यांतली तीन मेली होती आणि चौथं परत यायला तयार नव्हतं.

मालनबाई खोटं बोलत असतील तर कोडं सोपं होतं. पण खोटं बोलणारं माणूस न पटणारी गोष्ट कशाला सांगेल?

४

फ्रीजरमधलं पिल्लू डॉक्टरांनी उघडून पाहिलेलं होतं. छाती आणि पोट चिरून पुन्हा शिवलेलं होतं, जठर विषाच्या तपासणीसाठी काढून ठेवलं होतं. दर्शनाबाईंनी टाके उसवले आणि यकृत बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरलं. तपकिरी, गुळगुळीत, कुठे डाग नाही की ओरखडा नाही.

"काळीज तर चांगलं दिसतंय," दारातून मालनबाई म्हणाल्या.

"दिसतंय," दर्शनाबाई पुटपुटल्या.

मग त्यांनी कुणीच केलं नव्हतं ते केलं. पिल्लाच्या उजव्या मांडीवर चीर देऊन कातडं हळूच मागे सोललं. समीक्षा पुढे वाकली आणि तिनं तोंडावर हात धरला.

कातड्याखालचं मांस काळंनिळं होतं. मांडीपासून कमरेपर्यंत रक्त साकळलेलं, कडेला पिवळट होऊ लागलेलं. हाड कुठेही मोडलेलं नव्हतं. वरून दाट केसांत काहीच दिसत नव्हतं. डावी बाजू सोलली तर ती स्वच्छ गुलाबी निघाली.

मग दर्शनाबाई चौथ्या पिल्लाकडे गेल्या. डाव्या मांडीला हात लावला, काही झालं नाही. उजवीला बोटानं दाबल्याबरोबर त्या खोल झोपेतूनही पिल्लाच्या घशात एक बारीक कण्हणं उमटलं. ते ऐकून शेजारच्या पिंजऱ्यातली कुत्री अचानक शांत झाली.

"म्हणजे यांना कुणी मारलं?" समीक्षानं विचारलं. "पण काल तर डॉक्टर औषधाचं म्हणाले."

"दोन्ही खरं आहे." दर्शनाबाई स्टुलावर बसल्या. "गुंगीचं औषध अंगातून काढून टाकतं कोण? यकृत. ते औषधाचे तुकडे करतं, मग ते बाहेर जातं आणि जनावर जागं होतं. आता पिल्लाच्या मांडीला जबर मार बसला. यकृताला काही लागलेलं नाही. तरीसुद्धा त्याचं कामकाज बदलतं. सगळं शरीर जखमेच्या मागे लागतं आणि यकृतही तिकडेच ओढलं जातं. औषध मोडण्याचं त्याचं रोजचं काम मागे पडतं. लगेच नाही, हळूहळू. एक-दोन दिवसांत ते अगदी मंदावतं."

"आणि नेमकं त्याच वेळी औषध दिलं गेलं."

"हो. त्यात ही इतकी लहान. त्यांचं यकृत अजून पुरतं कामाला लागलेलं नसतं, शिल्लक ताकद कुठून आणणार? मग कमी औषधसुद्धा अंगात साचून राहतं. मी अशी झोप प्रयोगशाळेत पाहिली आहे, समीक्षा. लहान उंदरांची. पायाला इजा झालेली, बाकी धडधाकट. आपण वाट बघत बसतो, आता उठतील, मग उठतील. श्वास विरळ होत जातो. आवाज नाही, तडफड नाही."

पंखा गरगरत होता.

"पाचव्याला मार लागलेला नव्हता, म्हणून ते जगलं. ही चौघं एकत्र होती आणि एकाच बाजूनं आपटली. एकेकाला काठीनं मारलं असतं तर खुणा चहूकडे दिसल्या असत्या." त्यांनी साकळलेल्या रक्ताच्या पिवळट कडेवर बोट ठेवलं. "हा मार गुरुवारचा नाही. त्याआधीचा आहे. मंगळवारी ही चौघं एकत्र कुठे होती?"

समीक्षानं खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं.

"टेंपोत," ती म्हणाली.

५

टेंपोचा ड्रायव्हर विलास गाडी धूत होता. दर्शनाबाईंना पाहून त्यानं पाइप खाली टाकला.

"मंगळवारी पळसदरीला तूच गेलास?"

"हो ना. दुपारी गेलो अन् आलो. वाटेत काय झालं नाय."

"वाटेत काही झालं का, असं मी विचारलंच नाही अजून," दर्शनाबाई शांतपणे म्हणाल्या. "पिल्लं कुणी चढवली?"

"मीच. पारूनं क्रेटमध्ये घालून ठेवली हुती. पाचही उचलली अन् मागं ठेवली."

"पाचही?"

"पाचच हायेत ना ती? पारूनं फोनवर पाचच सांगितली हुती."

समीक्षा काही बोलणार होती, दर्शनाबाईंनी तिला हातानं थांबवलं. "विलास, टेंपोत चारच होती. पाचवं पळसदरीलाच राहिलं होतं. ज्यानं तो क्रेट उचलला त्याला हे दिसलं असतं. तू त्या दिवशी तिथे नव्हतास."

विलासचं तोंड उतरलं. तो समीक्षाकडे बघेना. "मॅडम, मामेभावाची हळद हुती मोहोपाड्याला. रजा मागितली असती तर तुमी दिली नसती. मी चावी हापिसात खुंटीला लावून गेलो. म्हटलं सांजंला येऊन आनतो पिल्लं. आलो तर टेंपो जागेवर, पिल्लं पिंजऱ्यात. मला वाटलं तुमीच कुनाला तरी पाठवलं अन् मला बोलला नाय."

"मी सगळा दिवस पनवेलला होते," समीक्षा म्हणाली. "मला वाटलं तूच आणलीस."

"आनखी एक," विलास चाचरत म्हणाला. "डाव्या दिव्याची काच नवी हुती. मी समजलो तुमीच बसवून घेतली."

दर्शनाबाईंनी गाडीच्या पुढच्या बाजूला वाकून पाहिलं. टेंपोला आधीच इतके पोचे पडलेले होते की नवा पोचा ओळखू येऊ नये. पण डावी काच लखलखीत होती. मागच्या हौद्यात उजव्या कडेला क्रेट घासून गेल्याचा ताजा ओरखडा होता.

त्यांनी पारूला फोन लावायला सांगितला. पारू म्हणाली, क्रेट आंब्याखाली ठेवून ती धरणावर धुणं धुवायला गेली होती. आली तेव्हा क्रेट नव्हता आणि एक पिल्लू आईला चिकटलेलं होतं. कोण आलं होतं ते तिला माहीत नव्हतं.

"चावी खुंटीवर होती," समीक्षा म्हणाली. "म्हणजे कुणीही..."

"मालनबाई मंगळवारी दुपारी लवकर घरी गेल्या होत्या, आणि तसंही त्यांना टेंपो चालवता येत नाही." दर्शनाबाई सरळ उभ्या राहिल्या. "ज्यानं टेंपो नेला त्यालाच माहीत होतं की पिल्लांना मार लागलाय. आणि गुरुवारी एका माणसानं त्याच चौघांना, फक्त त्याच चौघांना, कमी औषध भरलं. धडधाकट पिल्लाला कुणी कमी औषध कशाला देईल?"

समीक्षानं ऑपरेशनच्या खोलीकडे पाहिलं.

"त्यांना मारायचं नव्हतं," दर्शनाबाई म्हणाल्या. "वाचवायचं होतं. पण टेंपो आपटला, ही इतकी साधी गोष्ट त्यांनी कुणाला का सांगितली नाही?"

फाटकाकडून लडकूचा आवाज येत होता. एका मोटारसायकलवाल्याला तो तेच विचारत होता. दर्शनाबाईंनी तिकडे पाहिलं आणि त्यांच्या अंगावर भर उन्हात काटा आला.

६

"डॉक्टर, मला कर्जत स्टेशनला सोडाल?" त्यांनी स्वराजना विचारलं. "तुम्ही कर्जतलाच राहता ना?"

"हो, चला ना."

चौक गावातून कर्जतचा रस्ता डावीकडे जात होता. डॉक्टरांनी गाडी तिकडे वळवली नाही. ते सरळ हायवेनं खोपोलीच्या दिशेला निघाले.

"इकडून?" दर्शनाबाई म्हणाल्या. "खोपोलीहून पळसदरीमार्गे? केवढा वळसा."

"तो रस्ता खराब आहे."

"विलास रोज त्याच रस्त्यानं जातो. तुम्ही कधीपासून या वळशानं जाता?"

डॉक्टरांनी गिअर बदलला.

"मी पिल्लाच्या मांड्या सोलून पाहिल्या, डॉक्टर. तुम्ही छाती उघडलीत, पोट उघडलंत, पण कातडं सोललं नाहीत. आत काय आहे ते तुम्हाला माहीत होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला दिसायला नको होतं. हाड मोडलेलं नाही, पिल्लू खातंय, चालतंय, म्हणून तुम्हाला वाटलं की थोडं कमी औषध दिलं की झालं. ऑपरेशन पुढे ढकललं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. रविवारी तर ती द्यायची होती."

गाडी हळू होत होत रस्त्याच्या कडेला थांबली.

"इतकं कमी दिलं होतं मी," स्वराज म्हणाले. "उठायला हवी होती ती. मी संध्याकाळी त्यांच्यापाशी बसलो होतो. हलवत होतो."

"वाडीच्या वळणावर टेंपो कशाला आपटला?"

त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. बोलू लागले तेव्हा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

"विलास नव्हता, चावी खुंटीवर होती, म्हणून मीच पिल्लं आणायला गेलो. येताना ती कडेनं चालत होती. डोक्यावर पाटी. मी फोनकडे पाहिलं, एवढंच. मान वर केली तर ती समोर होती. मी उजवीकडे ओढलं, पण डावी बाजू तिला लागलीच. टेंपो पलीकडच्या, डोंगराच्या बाजूच्या कातळाला जाऊन घासला आणि मागे पिल्लं किंचाळली. उतरलो तर रस्त्यावर फक्त करवंदं. सगळीकडे करवंदं. ती खाली दरीत होती, कारवीच्या झुडपांत."

"जिवंत?"

"जिवंत."

जवळून एक ट्रक गेला आणि गाडी हादरली.

"खाली उतरायला वाट नव्हती. फोनला रेंज नव्हती. म्हटलं चौकला पोचतो आणि ॲम्ब्युलन्सला फोन करतो. खरंच तसंच ठरवलं होतं. चौकला पोचलो. पाण्यानं टेंपो धुतला, काच बसवून घेतली. आणि फोन केला नाही. प्रत्येक तासाला वाटायचं की आता केला तर विचारतील, इतका उशीर का केलात. मग पुढचा तास यायचा."

"मंगळवारी दुपारनंतर त्या वळणावर टेंपोवाल्यांनी बाईचा आवाज ऐकला," दर्शनाबाई म्हणाल्या. "बुधवारीही ऐकला. परवापर्यंत येत होता."

स्वराजनी मान वर केली. हे त्यांच्या कानावर आलं असणार, पण त्याचा अर्थ त्यांनी आजवर मनाला लावून घेतला नव्हता. तो आता त्यांच्या चेहऱ्यावर पसरत गेला. ते दार उघडून बाहेर गेले आणि रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले.

दर्शनाबाईंनी पर्समधून फोन काढला आणि पोलिसांचा नंबर लावला. लागेपर्यंत त्या समोर बघत होत्या. उन्हात रस्ता वितळल्यासारखा हलत होता.

"मालनबाईंचं नाव का घेतलंत?" फोन कानाला असतानाच त्यांनी विचारलं.

"काहीतरी सांगायला हवं होतं," स्वराज जमिनीकडे बघत म्हणाले. "त्या समोर उभ्या होत्या."

७

जना वळणाच्या खाली सापडली. लडकूनं आणि वाडीतल्या माणसांनी रान पालथं घातलं होतं, पण ती नेहमी रानातल्या पायवाटेनं जायची म्हणून सगळ्यांनी तिथेच शोधलं होतं. त्या दिवशी पाटी जड झाली होती, म्हणून ती डांबरी रस्त्यानं निघाली होती. तिला वर आणायला दोर लागले.

तेव्हा त्या वळणावर पुष्कळ गाड्या थांबल्या. टेंपोवाले खाली उतरून कठड्यापाशी उभे राहिले. त्यांतला एक जण मागे सरकत सरकत आपल्या गाडीत जाऊन बसला आणि त्यानं काच वर केली.

समीक्षा रविवारी सकाळी स्वतः मालनबाईंच्या घरी गेली. अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं त्यांची माफी मागितली. मालनबाईंनी तिला बसायला पाट दिला, चहा दिला. म्हणाल्या, "माजं सोड गं. त्या पिल्लाकडं कोन हाय आता?" आणि पदर खोचून तिच्याबरोबर निघाल्या. चौथं पिल्लू त्या दिवशी दुपारी मान उचलून बसलं. उजवा पाय नीट टेकवायला त्याला बरेच दिवस लागणार होते.

दर्शनाबाई मात्र वाडीत गेल्या. जनाला मातीत ठेवून झालं होतं. बायका एका घरात बसल्या होत्या. लडकू बाहेर एका दगडावर एकटाच होता. त्या त्याच्या शेजारी खाली बसल्या. दोघं समोरच्या उतारावरच्या वाळक्या गवताकडे बघत राहिली.

"बाई," लडकूनं अखेर विचारलं, "तुमी त्या डाक्टरशी बोललाव. ती लगेच गेली का?"

दर्शनाबाईंना खोटं सांगता आलं असतं. वाटेत येताना त्यांनी ते मनात जुळवूनही ठेवलं होतं. पण या माणसानं इतके दिवस रस्त्यात उभं राहून एकच प्रश्न विचारला होता, आणि कुणीही त्याला खरं उत्तर दिलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "लगेच नाही."

लडकूनं मान हलवली, जणू त्याला ते माहीतच होतं. "काय म्हनली का ती? त्याला?"

स्वराजनं पोलिसांना दिलेला जबाब दर्शनाबाईंनी ऐकला होता.

"पाणी मागितलं," त्या म्हणाल्या. "'दादा, पानी दे रं,' असं म्हणाली."

लडकू उठला. घरात गेला आणि हंड्यातून कळशी भरून बाहेर आला. कुणी काही विचारण्याआधी तो वाडीच्या वाटेनं रस्त्याकडे चालू लागला. त्याच्या मागे दोन बायका उठल्या, मग आणखी काही माणसं, आणि सगळ्यात शेवटी दर्शनाबाई. वळणावर आल्यावर त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. कळशी छातीशी धरून तो दरीकडचा बुटका कठडा ओलांडून बसत, घसरत खाली उतरला. कारवी मोडलेल्या जागी जमीन तापून भेगाळली होती. लडकूनं गुडघे टेकले आणि पाणी ओतलं, सावकाश, एका बारीक धारेनं, कुणाच्या तरी ओठांना कळशी लावावी तसं. जमीन ते लगेच पिऊन टाकत होती.

कळशी रिकामी झाली. वर रस्त्यावर उभी असलेली माणसं त्याच्या येण्याची वाट बघत होती. तो वर चढला, कुणाशी न बोलता पुन्हा वाडीकडे गेला, आणि दुसरी कळशी भरून घेऊन आला.